जिऱ्याचा वास येणारं तिखट

माझा भाचा शिकायला डॅलसला गेला आणि पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला. "मावशी, इथल्या मिरचीत काही दमच नाही गं." बटाट्याच्या रश्शात त्याने दोन चमचे चिली पावडर घातली होती. रस्सा विटकरी झाला, पण जिभेला काही लागेना. मग तिसरा चमचा, मग चौथा. शेवटी रस्सा खारट झाला आणि त्याला जिऱ्या-लसणाचा वास सुटला. "बाटलीच्या मागे काय लिहिलंय ते वाच बघू," मी म्हटलं. त्याने वाचून दाखवलं: मिरच्या, जिरं, मीठ, ऑरेगॅनो, लसूण.

म्हणजे त्याने आणलं होतं ते तिखट नव्हतंच, तो मसाला होता. टेक्ससमध्ये 'चिली' हे एका पदार्थाचं नाव आहे. बीफचे बारीक तुकडे आणि सुक्या मिरच्या तासन्‌तास शिजवून केलेला दाट लाल रस्सा म्हणजे चिली. १९७७ साली तो टेक्ससचा अधिकृत राज्यपदार्थ ठरला. त्या चिलीत घालायची ती चिली पावडर. सांबार मसाल्यात सांबार नसतं, तसंच हे. गोंधळ आपलाच, कारण आपण 'तिखट' या एकाच शब्दात चवही बसवली आणि पूडही.

या बाटलीचा जन्म एका खानावळीत झाला. जर्मनीहून लहानपणी आलेला विल्यम गेबहार्ट १८९२ च्या सुमारास टेक्ससमधल्या न्यू ब्राउनफेल्स गावात, एका दारूच्या गुत्त्याच्या मागच्या बाजूला छोटी खानावळ चालवायचा. चिलीला गिऱ्हाईक भरपूर, पण मिरच्या फक्त हंगामात मिळायच्या. मग त्याने मेक्सिकोहून सुक्या मिरच्या मागवल्या आणि घरातल्या खिम्याच्या यंत्रातून तीन-तीनदा काढून त्यांची पूड केली. पुढे तिच्यात इतर मसाले मिसळून त्याने ती बाटल्यांत भरली आणि १८९६ मध्ये तिचं नाव नोंदवून घेतलं. फोर्टवर्थमधल्या पेंडरी नावाच्या व्यापाऱ्याचे वंशज म्हणतात, पहिला मान आमचा. असेल. पण या दोघांच्याही आधीपासून सॅन अँटोनियोच्या चौकांत रात्री कंदिलाच्या उजेडात चूल मांडून चिली विकणाऱ्या मेक्सिकन बायका होत्या. त्यांना 'चिली क्वीन्स' म्हणत. त्यांचा मसाला बाटलीत नव्हता, हातात होता. १९३० च्या दशकात आरोग्यखात्याने स्वच्छतेचे नियम कडक केले आणि त्यांच्या चुली हळूहळू विझल्या. बाटली राहिली. मला विचाराल तर, ती बाटली या बायकांच्या नावाने निघायला हवी होती.

भाच्याला म्हटलं, आता तू तिथेच आहेस, तर हा मसाला घरी करून बघ. शेजारच्या मेक्सिकन दुकानात त्याला सुक्या मिरच्यांचं अख्खं कपाटच दिसलं. आँचो, ग्वाहियो, पासिया, चिपोत्ले. यातली आँचो ही या मसाल्याची मुख्य मिरची. ताजेपणी तिचं नाव पोब्लानो. ती पिकून लाल झाली, वाळली आणि सुरकुतली की आँचो, म्हणजे रुंद. तळहाताएवढी, काळपट लाल, आणि नाकाशी धरली तर चक्क मनुकांचा वास. चिपोत्ले म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो. मिरची सुकली की तिचं नाव बदलतं, ही मेक्सिकन पद्धत मला फार आवडते. आपणही कैरी वाळली की तिला आंबोशी म्हणतोच की.

आता या मिरचीच्या पोटात डोकावू. तिखटपणा बियांत असतो असं आपण लहानपणापासून ऐकतो. तो बियांत नसतो. बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात, त्या शिरेत कॅप्सेसिन तयार होतं, बियांना ते फक्त लागतं. आणि या कॅप्सेसिनला खरं तर चवच नाही! आपल्या तोंडातल्या मज्जातंतूंवर चटका ओळखणारी एक प्रथिनाची झडप असते. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की ती उघडते आणि मेंदूला निरोप जातो: भाजतंय. कॅप्सेसिन नेमकं त्याच झडपेची कडी काढतं. तोंडात आग लागलेली नसते, पण निरोप आगीचाच जातो. मेंदू बिचारा तो खरा मानतो, घाम आणतो, नाक वाहवतो. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाने १९९७ मध्ये ही झडप शोधली ती मिरचीचाच माग काढत, आणि त्याबद्दल त्याला २०२१ चं नोबेल पारितोषिक आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत विभागून मिळालं. मराठीत आपण मिरची 'झोंबली' म्हणतो, गोड किंवा आंबट 'लागली' म्हणतो तसं नाही. भाषेला हे आधीच कळलं होतं म्हणायचं.

झाडाने हा उद्योग का केला असेल? उंदीर-खारींसारखे प्राणी फळ खाताना बियाही चावून टाकतात, पक्षी त्या अख्ख्या गिळतात आणि दूर नेऊन टाकतात. सस्तन प्राण्यांना मिरची झोंबते, पक्ष्यांना नाही. त्यांची झडप कॅप्सेसिनला दाद देत नाही. टेक्ससच्या रानात आजही वाटाण्याएवढी गोल रानमिरची उगवते आणि पक्षी ती मजेत टिपतात. झाडाने सगळा हिशेब मांडला, फक्त एक सस्तन प्राणी भाजतंय म्हणत पुन्हा पुन्हा हात पुढे करील, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

पण आँचो तशी सौम्य. स्कोव्हिल नावाच्या मापावर ती १,००० ते २,००० च्या घरात बसते, केयेन मिरची ३०,००० च्या पुढे. विल्बर स्कोव्हिल औषधकंपनीत काम करायचा. लेपांच्या औषधात मिरचीचा जोर दर वेळी सारखाच असावा म्हणून १९१२ मध्ये त्याने युक्ती काढली: मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना झोंबायचं थांबेपर्यंत किती पट पाणी लागलं ते मोजायचं. चाखणाऱ्यांच्या जिभांचं काय झालं असेल, देव जाणे.

मग सौम्य मिरच्या मूठ-मूठभर घालायच्या कशाला? रंगासाठी, गरासाठी, त्या मनुकांच्या गोडीसाठी. जोर हवा तर चिमूटभर केयेन. आपल्याकडे ब्याडगी आणि लवंगी यांनी कामं वाटून घेतली आहेत, तशीच ही वाटणी. ब्याडगी रंगाला, लवंगी ठसक्याला. म्हणूनच पुण्यात बसून हा मसाला करायचा झाला तर मी आँचोच्या जागी ब्याडगीच घेईन आणि एक काळी मनुका बोटाने कुस्करून शिजताना रश्शात टाकीन. टेक्ससचे लोक नाक मुरडतील, मुरडू देत.

खरं तर मिरची त्यांच्या खंडातूनच आपल्याकडे आली. पोर्तुगीज जहाजांतून सोळाव्या शतकात ती गोव्याला लागली. त्याआधीचं आपलं बरंचसं झणझणीत मिरीवर चालायचं. नव्या फळाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा आपण मिरीवरूनच मिरची म्हटलं. तिकडे कोलंबस मिऱ्यांच्या शोधात निघाला होता, त्यानेही हिला मिरीचीच जात ठरवली. दोन्हीकडे लोकांनी नवं फळ जुन्या ओळखीत बसवलं. 'चिली' हा शब्द मात्र मूळच्या मालकांचा, मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला.

मिरची तिकडून इकडे आली, तर जिरं इकडच्या अंगाने तिकडे गेलं. जिऱ्याचं मूळ घर भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचा प्रदेश. स्पॅनिश लोकांबरोबर ते मेक्सिकोत पोचलं. १७३१ मध्ये स्पेनच्या राजाने कॅनरी बेटांवरची काही कुटुंबं सॅन अँटोनियोला वसवली, आणि टेक्ससच्या स्वयंपाकात जिऱ्याचा हात सैल झाला तो या मंडळींमुळे, असं तिकडे सांगतात. मेक्सिकोत आत गेलं की जिरं बेताचंच पडतं, टेक्ससमध्ये मात्र ते आधी नाकाला जाणवतं आणि मग मिरची. आज जगात सर्वांत जास्त जिरं भारतात पिकतं. तेव्हा डॅलसच्या त्या बाटलीतलं जिरं गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून गेलेलं असणं अगदी शक्य आहे. भाच्याला म्हटलं, तुझ्याआधी ते अमेरिकेला गेलंय.

ऑरेगॅनोची गंमत तर वेगळीच. पिझ्झ्यावरचा ऑरेगॅनो पुदिन्याच्या कुळातला. चिलीत घालतात तो मेक्सिकन ऑरेगॅनो त्याचा कुणीच लागत नाही. तो घाणेरीच्या कुळातला. हो, तीच ती टणटणी, मूळची अमेरिकेची, जिने सह्याद्रीचे उतार व्यापून टाकलेत. पण वास एकाच वळणाचा, कारण दोघांच्याही तेलांत थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही रसायनं. आणि थायमॉलचा आपल्या घरातला साठा म्हणजे ओव्याची बरणी. तीन वेगळ्या कुळांतल्या झाडांनी कीड-बुरशीशी लढायला एकाच जातीचं हत्यार गाठलं, आणि आपण ते भजीच्या पिठात चुरडतो. मेक्सिकन ऑरेगॅनो मिळाला नाही तर निम्म्या मापाने ओवा घाला. हे मी करून पाहिलंय.

लसणाच्या पावडरीकडे मी आधी तुच्छतेने बघायचे. पण तिचीही एक गोष्ट आहे. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. वासाचा कच्चा माल एका कप्प्यात आणि त्याला फोडणारं विकर दुसऱ्या कप्प्यात. पाकळी ठेचली की भिंती पडतात, दोघं भेटतात आणि दरवळ सुटतो. नीट वाळवलेल्या पावडरीत हे विकर जिवंत राहू शकतं, फक्त पाणी नाही म्हणून स्वस्थ बसलेलं. पाण्याचा थेंब पडला की काम पुन्हा सुरू.

आता कृती. चार आँचो आणि तीन ग्वाहियो ओल्या फडक्याने पुसा, देठ आणि बिया काढून उघडा. मंद आचेवर तव्यात एकेक बाजू काही सेकंदच, उलथण्याने दाबून भाजायची. मिरची मऊ पडून फुगते, रंग किंचित बदलतो, आणि घरभर सुटतो तो वास मिरचीचा नसतोच, चॉकलेट आणि भाजक्या शेंगदाण्यांच्या मधला काहीतरी असतो. उष्णतेने साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांना भिडली की शेकडो नवे सुगंधी रेणू जन्माला येतात. लुई कामिय मेलार या फ्रेंच डॉक्टराने ही क्रिया वर्णन केली तीही १९१२ मध्येच. स्कोव्हिल ज्या वर्षी तिखट मोजत होता, त्याच वर्षी मेलार खरपूसपणाचं कोडं सोडवत होता, हे वाचून मी थोडा वेळ नुसतीच बसले. एक क्षण जास्त झाला की मात्र मिरची काळी पडते, कडवट होते आणि सगळ्यांना ठसका लागतो. तशी जळली तर टाकूनच द्या, वाचवायच्या भानगडीत पडू नका.

त्याच तव्यात एक मोठा चमचा जिरं भाजायचं. मिरच्या पूर्ण गार होऊन कुरकुरीत झाल्या की जिऱ्याबरोबर दळायच्या. गरम दळल्या तर वाफ धरते आणि गोळे होतात. भांड्याचं झाकण लगेच उघडू नका, खकाणा खाली बसू द्या. मग दोन चहाचे चमचे चुरडलेला ऑरेगॅनो, तेवढीच लसणाची पावडर, पाव चमचा केयेन. मीठ घालू नये, ते रश्शात हवं तेवढं घालता येतं. बाटली अंधारात ठेवायची, कारण मिरचीचा लाल रंग देणारं कॅप्सॅन्थिन उजेडात विरत जातं.

हा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. कॅप्सेसिनचंही तेच. म्हणून मसाला थेट पाण्यात टाकला तर रस्सा फिका राहतो, आणि मंद गरम तेलात अर्धा मिनिट परतला तर लाल तवंग वर येतो. मिसळीवरचा कट हे याच रसायनाचं कोल्हापुरी नाव. पण सुगंध मात्र हलका, उडून जाणारा. टेक्ससच्या स्पर्धांत मुरलेले आचारी त्यामुळे मसाला तीन हप्त्यांत घालतात: पहिला मुरण्यासाठी, शेवटचा वासासाठी.

या स्पर्धांची सुरुवात १९६७ मध्ये टर्लिंग्वा नावाच्या ओसाड खाणगावात झाली, चिलीत घेवडा घालावा की नाही अशा वादांतून. एका बाजूला न्यू यॉर्कचा लेखक, दुसऱ्या बाजूला टेक्ससचा पत्रकार. तिसऱ्या परीक्षकाने घास थुंकला, जीभ बधिर झाल्याचं जाहीर केलं, आणि सामना बरोबरीत सुटला. तिथल्या स्पर्धांत आजही घेवडा चालत नाही. आमच्या घरी बीफ शिजत नाही, त्यामुळे भाच्याने राजमा घालूनच चिली केली. टेक्ससच्या नियमांत ती चिली नव्हे. आपल्या नियमांत ती राजम्याची उसळ, आणि झकास उसळ.

गेल्या महिन्यात त्याने स्वयंपाकघराचा फोटो पाठवला. फळीवर दोन बाटल्या. एकीत भारतीय दुकानातलं लालभडक तिखट, दुसरीत त्याने केलेला काळपट तांबडा मसाला. त्याच्यासोबत राहणारा मुलगा हैदराबादचा, त्याचाही एकदा रस्सा बिघडला होता म्हणे. म्हणून दुसऱ्या बाटलीवर कागद चिकटवून जाड पेनाने लिहिलंय: 'हे तिखट नव्हे.' देवनागरीत. तो मुलगा ते वाचतो कसं, ते विचारायचं राहून गेलं.