पोर्ट कोणता, ते सांगायचं कधी?

मार्च 2025मध्ये सीमेक या बिल्ड टूलची 4.0 आवृत्ती आली आणि 3.5च्या आधीचे नियम तिनं पाळणं बंद केलं. अमरावती-अकोल्याच्या पोरांचे फायनल इयरचे जुने प्रोजेक्ट आता कॉन्फिगरलाच अडतात. ही गोष्ट मला फार लागली आहे.

त्याआधीचं बिल्ड टूल मेक 1976चं, बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेलं. सीमेक किटवेअरचं, 2000च्या सुमाराचं. वैद्यकीय प्रतिमांच्या लायब्ररीसाठी घडवलेलं. पुढची काही वर्षं सोडून देतो. 2006मध्ये केडीईनं सीमेक स्वीकारलं आणि ते हळूहळू आमच्या कॉलेजच्या लॅबपर्यंत आलं. त्यानंतरचं दशक मात्र विसरणं शक्य नाही.

कपाशीच्या वावरातली ओल मोजणारे प्रोजेक्ट तेव्हा दरवर्षी असायचे. प्रोग्राम एव्हीआर चिपवर बर्न करायचा. एका टेबलावर पोर्ट कॉम3, शेजारी कॉम5. मेकफाइल होती तोवर 'मेक बर्न पोर्ट=कॉम5' म्हटलं की झालं. सीमेकमध्ये कस्टम टार्गेट लिहिलं की व्हेरिएबलची व्हॅल्यू कॉन्फिगर करतानाच कमांडमध्ये पक्की व्हायची. "सर, पोर्ट बदलला, आता काय करू जी?" पोरं विचारायची, अन् तेवढ्यात लोडशेडिंग.

वाट होती. टार्गेटनं सीमेकचीच स्क्रिप्ट चालवायची: आधी डॅश-डीनं व्हेरिएबल, मग डॅश-पीनं स्क्रिप्टचं नाव. क्रम उलटला तर व्हॅल्यू पोचतच नाही. पोर्ट ऐनवेळी सांगायचा असेल तर तो एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवायचा आणि स्क्रिप्टनं तिथून वाचायचा. मग सीमेकच्या हाताखाली मेक असो की निन्जा हे दुसरं बिल्ड टूल, दोन्हींवर चालतं. डॉलर आणि गोल कंसातलं मेकचं व्हेरिएबल वापरणाऱ्यांची सोय निन्जा आल्यावर गेली.

हे शिकवणारा एक तासही अभ्यासक्रमात नव्हता. पार्सिंगचे तक्ते पानंच्या पानं काढून घेतले, पण बिल्ड कशानं होतं याचा उल्लेख नाही. पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत घेणाऱ्यानं आमच्या मुलीला याच प्रश्नावर अडवलं आणि 'तिकडच्या मुलांना टूल्स येत नाहीत' असं तोंडावर सुनावलं. तिनं बोर्ड, सर्किट, कोड सगळं स्वतः केलं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

'सीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम' 3.5 दिलं की जुने प्रोजेक्ट पुष्कळदा पुन्हा उठतात. पण कॉलेजं त्यांच्या सीड्या रद्दीत काढताहेत. त्या आधी माझ्याकडे द्या, मी चालवून देतो.