वाटा नसलेल्या मुलखाची आखणी

अलास्काच्या दक्षिण भागात, कॅनडाच्या सरहद्दीला लागून पसरलेल्या ज्या पर्वतमय मुलखाला अमेरिकी सरकारने १९८० साली रँगल–सेंट इलायस राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षण दिले, त्याचा विस्तार सुमारे ५३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या षष्ठांशाहून अधिक असून, त्यात शिरणारे कच्चे रस्ते मात्र दोनच आहेत. त्यांच्यापलीकडे राखलेल्या पायवाटा अगदी थोड्या; आणि सह्याद्रीत वाट चुकलेल्यास संध्याकाळपर्यंत एखादा धनगरवाडा भेटेल, तशी आशाही तेथे बाळगता येत नाही. पायी भटकणाऱ्यास परवाना लागत नसल्यामुळे सगळा बंदोबस्त ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. तो करताना बहुतेक लोक नकाशावर अंतरे मोजू लागतात. माझ्या मते आरंभ दिवसांच्या आणि प्रहरांच्या हिशेबापासून व्हावयास हवा.

कारण अंतर्भागात पोहोचविणारे लहान विमान गोट्यांच्या पुळणीवर किंवा गवताळ पट्ट्यावर उतरते, आणि ढग खाली आले की ठरल्या दिवशी ते परत येतेच असे नाही. म्हणून प्रवासाच्या शिध्याखेरीज केवळ प्रतीक्षेसाठी आणखी काही दिवसांचा शिधा निराळा बांधावा.

प्रहरांचा हिशेब नद्यांसाठी. हिमनदीतून उगम पावणारा प्रवाह, रात्रीच्या थंडीने वितळणे मंदावल्यामुळे, पहाटे सर्वांत उथळ असतो. दिवसभर उन्हाने सुटलेले पाणी खाली पोहोचेपर्यंत तिसरा प्रहर उलटतो, आणि सकाळी गुडघाभर असलेली नदी संध्याकाळी माणसाला वाहून नेण्याइतकी चढते. शिवाय खडकाचे पीठ मिसळून ते पाणी इतके गढूळ झालेले असते, की तळ दिसत नाही. तेव्हा मुक्काम अलीकडच्या तीरावर करून पहाटे पार व्हावे. जूनमध्ये तेथे रात्रीही पुरता काळोख होत नसल्याने हे सुकर होते. पाऊस लागला, तर मात्र हा नियम चालत नाही, आणि थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

हिमनदीच्या खालच्या भागात उन्हाळ्यात उघडे बर्फ असल्याने भेगा दिसतात. वरच्या भागात भुसभुशीत हिम त्यांवर फसवे आच्छादन घालते, म्हणून तेथे एकमेकांस दोराने बांधूनच चालावे, आणि भेगेत पडलेल्यास वर काढण्याचा सराव घरूनच करून यावे. अस्वलांना उघडता न येणारे अन्नाचे डबे उद्यानाच्या कचेरीतून वापरण्यास मिळतात. ते तंबूपासून दूर ठेवावेत.

त्याच कचेरीत आणि घरच्या विश्वासू माणसाजवळ मार्गाची लेखी इत्तला ठेवून, अमुक तारखेपर्यंत खबर न आल्यास शोध सुरू करावा असे नमूद करावे. पण ही तारीख विमान येण्याच्या ठरल्या दिवसाची नव्हे, तर राखीव दिवस संपल्यानंतरची असावी, नाहीतर आभाळ निवळण्याची वाट पाहत तंबूत सुखरूप बसलेल्यांसाठी शोधपथकाला त्याच ढगांत विमान घालण्याची पाळी येईल.