ताप नाही, तरी डोकं दुखतं आणि उलटी होते. मुलांचं हे दुखणं ‘पित्त’च असतं का?

शाळेतून आलेलं मूल डोकं धरून बसतं, जेवण नको म्हणतं आणि थोड्या वेळाने उलटी करतं. अंगात ताप नसतो. मग घरात निदान ठरतं, ‘पित्त झालंय’. पण हे वारंवार होत असेल, तर ते मायग्रेन असू शकतं.

मायग्रेन कसं ओळखायचं?

मोठ्यांचं डोकं बऱ्याचदा एका बाजूला दुखतं. मुलांचं मात्र कपाळावर, दोन्ही बाजूंना दुखू शकतं. उजेड आणि आवाज नकोसा होतो. झोप झाली की बरं वाटतं आणि मधल्या दिवसांत मूल ठणठणीत असतं. उपाशी राहणं, कमी पाणी पिणं, अपुरी झोप यामुळे त्रास सुरू होऊ शकतो. अनेकदा आई किंवा वडिलांनाही मायग्रेन असतं.

लगेच डॉक्टरांकडे कधी जायचं?

उलटीनंतर बरं वाटलं म्हणजे धोका टळला, असं नाही. मेंदूवर दाब वाढल्यावरही अशीच लक्षणं दिसतात. पुढीलपैकी काहीही दिसलं तर थांबू नका:

• डोकेदुखीने झोपेतून जाग येणं, सकाळी उठताच उलटी
• तिरळेपणा, दोन-दोन दिसणं
• चालताना तोल जाणं
• झटका येणं, गुंगी, वागण्यात बदल
• डोक्याला मार लागल्यानंतरची उलटी
• अचानक सुरू झालेली तीव्र किंवा दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी

घरी काय करायचं?

दुखण्याची तारीख, वेळ, खाणं आणि झोप वहीत लिहून ठेवा. निदान करताना डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका, मुलांचा डोस वजनावर ठरतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन तर नकोच.