वाडा वाचावा कसा?

जुना वाडा पाहावयास गेलेला माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो : हा कोणी बांधला आणि केव्हा? प्रश्न स्वाभाविक आहे. पण तो अपुरा होय. वाडा एका वर्षात बांधून पुरा होत नसतो. कर्ता पुरुष जोते घालतो, मुलगा चौक वाढवितो, नातू माडी चढवितो आणि दिवस फिरले की पणतू तुळया विकतो. म्हणून घराण्याचा इतिहास बखरीत सापडतो, तसा तो भिंतींतही सापडतो. मात्र भिंत वाचता आली पाहिजे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात असे वाचन करावयास सिंदखेड राजा येथील लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याइतके चांगले ठिकाण नाही. १२ जानेवारी १५९८ ही जिजाबाईंची जन्मतिथी आपण मानतो, आणि त्यांच्या जन्मस्थानापुढे प्रथम हात जोडतो. ते योग्यच आहे. परंतु हात जोडून झाल्यावर डोळेही उघडे ठेवावेत, एवढेच आमचे म्हणणे.

दख्खनी वाडा मुख्यतः तीन पदार्थांचा. खाली दगडी जोते. वर विटेची अथवा पांढऱ्या मातीची भिंत. आणि आत खांब, तुळया व कडीपाट यांचा लाकडी सांगाडा. या तिघांचे आयुष्य सारखे नसते. लाकूड प्रथम जाते : वाळवी खाते, पाणी कुजविते, किंवा गरजू माणूस काढून नेतो. लाकूड गेले की धाबे खाली बसते. धाबे बसले की पावसाचे पाणी भिंतीच्या माथ्यातून आत शिरते आणि दोनचार पावसाळ्यांत भिंत ढासळते. दगड तेवढा उरतो. म्हणून पडक्या वाड्यात आपणांस जे दिसते, तो वाडा नव्हे. ती त्याची हाडे होत. दरवाजाची भव्य कमान, जोती, तळघरे पाहून येथे केवळ बंदोबस्तच होता असे वाटते. सोपा, माडी, देवघर, स्वयंपाकघर ही राहणीची अंगे लाकूडमातीबरोबर गेली. भिंतीत तुळईची रिकामी खोबण दिसली, तर तेथे मजला होता असे समजावे. दगडावर एकदम वीट सुरू झाली, तर हात बदलला की केवळ खर्च वाचविला, हे विचारावे.

दुसरी गोष्ट अशी की, वाडा त्याच्या चार भिंतींत संपत नाही. सिंदखेडला मोती तलावाचा बांध किल्ल्यासारखा बांधलेला आहे. चांदणी तलावाच्या मध्यभागी इमारत आहे. पुतळा बारवेत शिल्पे आहेत. काळ्या कोटाच्या जाड दगडी भिंती आहेत. पाणी, संरक्षण, देवस्थान आणि निवास मिळून सरदाराचे ठाणे होते. यांतला एकच तुकडा जपला, तर वाक्यातला एकच शब्द जपल्यासारखे होईल.

इंग्लंडातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. डर्बीशायर परगण्यात हॅडन हॉल नावाचे जहागीरदारी घर आहे. त्याचे काही काम बाराव्या शतकातले, मोठे दालन चौदाव्यातले आणि लांब सज्जा त्याहूनही पुढचा. सुमारे १७०० नंतर घराणे दुसरीकडे राहावयास गेले आणि ते घर जवळजवळ दोनशे वर्षे रिकामे राहिले. मालकांना नवी फॅशन तेथे आणावीशी वाटली नाही, म्हणून जुने थर तसेच राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी घराण्यातल्याच वारसाने त्याची काळजीपूर्वक दुरुस्ती केली. म्हणजे वास्तूला पडझड जशी मारते, तशी उतावळी सजावटही मारते.

आपल्याकडे याचा प्रत्यय नुकताच आला. लखुजीराव आणि त्यांच्या कुळातील काही पुरुष १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारी मारले गेले. त्यांची समाधी सिंदखेडला आहे. २०२४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे लोक समाधिस्थळी जतनाचे काम करीत असता त्यांना काही दगड निराळे दिसले. अधिक खणल्यावर देवळाचे जोते लागले आणि सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. कोणी घाईने फरशी घातली असती, तर जाधवांच्याही आधीचे ते पान कायमचे मिटले असते!

हे सर्व केवळ सरकारी खात्याने ऐकावयाचे नाही. वऱ्हाडात किती गावांत गढी आहे! तिची पांढरी माती कोणी घराला नेतो, कोणी शेतात टाकतो. ज्याच्या ताब्यात असा वाडा किंवा गढी आहे, त्याने एवढे तरी करावे. पाडण्यापूर्वी मोजमाप व छायाचित्रे घ्यावीत. दुरुस्तीस चुना वापरावा. सिमेंट जुन्या भिंतीतला ओलावा कोंडून ठेवते. नवे काम नवे म्हणून ओळखू यावे. आणि सर्वांआधी छप्पर सांभाळावे, कारण वाड्याचे मरण माथ्यावरून येते. गावाला पांढरी आणि शेताला काळी म्हणणारे आपण लोक. काळीची मशागत आपणांस ठाऊक आहे, पांढरीचीही शिकली पाहिजे.