पोटातला पंप, पाठीतले औषध

बॅक्लोफेन पंप पोटाच्या कातडीखाली बसवतात. त्यातले औषध बारीक नळीतून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात थोडे थोडे उतरत राहते आणि आखडलेले हातपाय सैल पडतात. मणक्याला मार लागलेले, मेंदूला इजा झालेले, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले जे प्रौढ रुग्ण गोळ्या आणि व्यायामाने सुधारत नाहीत, त्यांच्यासाठी हा उपाय आहे.

अशा रुग्णाचे पाय लुळे नसतात, उलट ताठ असतात. मेंदूचा लगाम सुटल्यामुळे मज्जारज्जू स्नायूंना आवळतच राहतो. नुसती चादर ओढली तरी पाय झटके देतात. मांड्या एकमेकींना इतक्या चिकटतात की अंग पुसणे, लघवीची नळी बदलणे घरच्यांना जड जाते. ताठरपणा एकाएकी वाढला, तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ किंवा पाठीवरची जखम शोधावी. पुष्कळदा मूळ तिथेच सापडते. शिवाय ताठरपणा पूर्ण घालवायचाही नसतो, कारण काही जण त्याच्याच आधाराने उभे राहतात.

बॅक्लोफेन 1962 साली सिबा या स्विस कंपनीत तयार झाले, तेही फिटांवर. तिथे ते फारसे चालले नाही. ताठरपणावर मात्र लागू पडले. गोळी पोटात गेली की औषध सगळ्या अंगात फिरते, मज्जारज्जूपर्यंत थोडेच पोहोचते. डोस वाढवावा, तर रुग्ण दिवसभर गुंगीत. शिकागोच्या रिचर्ड पेन आणि जेफ्री क्रोइन यांनी 1984मध्ये ते थेट पाठीच्या पाण्यात सोडून पाहिले. अमेरिकेत या उपचाराला 1992मध्ये मान्यता मिळाली. गोळ्यांचा दिवसाचा डोस मिलिग्रॅममध्ये, पंपाचा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात.

पंपाआधी चाचणी होते. पाठीतून पाणी काढायच्या सुईनेच साधारण 50 मायक्रोग्रॅम औषध देतात आणि पुढचे काही तास पाय किती सैलावतात ते तपासतात. गुण आला तरच शस्त्रक्रिया. पंप तळहातात मावेल एवढा असतो. डोस बाहेरून, कातडीवर यंत्र धरून बदलता येतो.

खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतर, औषध भरण्याच्या तारखांची. 40 मिलिलिटरच्या पंपात दर मिलिलिटरला 500 मायक्रोग्रॅमचे औषध भरले, तर एकूण 20,000 मायक्रोग्रॅम होते. रोज 250 लागत असेल, तर हिशेबाने 80 दिवस. पण तळाचा साठा राखायचा असल्याने सुई त्याआधीच टोचावी लागते. चौपट तीव्रतेचे औषध भरले, तर मुदत वाढते, तरी सहा महिन्यांपलीकडे नेत नाहीत. भरताना सुई पंपाच्या तोंडातच जायला हवी. औषध बाहेर कातडीखाली सांडले, तर एकदम मोठा डोस अंगात जाऊन श्वास मंदावू शकतो.

बुलढाण्याच्या रुग्णाला ही तारीख पाळणे सोपे नाही. जिल्ह्याच्या मुख्यालयाला रेल्वे नाही, गाडीसाठी मलकापूर गाठावे लागते. औषध भरायला नागपूरला जायचे, तर ते रस्त्याने तीनशे किलोमीटरहून लांब. चाकाच्या खुर्चीतला माणूस, सोबत दोन माणसे आणि भाड्याची गाडी, असा तो प्रवास. पंपाची किंमत लाखांत जाते, पण तो पाच-सात वर्षांतून एकदाच घ्यायचा असतो. गाडीभाडे मात्र दर खेपेला. भरायला शस्त्रक्रियागृह लागत नाही. प्रशिक्षित डॉक्टर, निर्जंतुक साहित्य आणि पंपाचे यंत्र एवढे पुरते. जिल्ह्याला 2024मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले आहे. ही सोय तिथे झाली, तर पंपाचा विचार करणाऱ्या कुटुंबाचे निम्मे ओझे उतरेल.

तारीख चुकली किंवा नळी मुडपली, तर औषध अचानक बंद पडते. एक-दोन दिवसांत पुरळ नसताना अंगाला खाज सुटते, ताठरपणा उसळतो. मग जोराचा ताप, भ्रम, फिटा. वेळीच इलाज झाला नाही, तर जीवही जातो. म्हणून घरात बॅक्लोफेनच्या गोळ्या आणि किती द्यायच्या याची डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. गोळ्या पंपाची बरोबरी करत नाहीत, पण दवाखाना गाठेपर्यंतचा वेळ मिळवून देतात. पंपाचा धोक्याची सूचना देणारा ‘बीप’ घरच्यांनी आधीच ऐकून ओळखीचा करून घ्यावा. एमआरआयच्या वेळी पंप काही काळ थांबतो, म्हणून नंतर तो पुन्हा सुरू झाला की नाही ते तपासून घ्यावे.

पाच ते सात वर्षांनी बॅटरी संपते. ती बदलता येत नाही, पंपच नवा बसवतात. नळी शाबूत असेल, तर जुनीच जोडतात.