काठ राखणारा लव्हाळा

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या उटण्यात नागरमोथा असतो, हे आपल्याला पुडीवर वाचून माहीत असतं. पण कल्याणहून मुरबाडकडे जाताना भाताच्या बांधावर, नाहीतर डोंबिवलीतल्या एखाद्या मोकळ्या पाणथळ जागेत मोथा पायाखाली आला की आपण त्याला 'गवत' म्हणून मोकळे होतो.

ओळखायची खूण सोपी आहे. देठ चिमटीत धरून फिरवा. गवताची काडी गोल, पेरांची आणि बहुधा पोकळ. मोथ्याचा देठ भरीव, बिनपेरांचा, आणि बोटांना तीन कडा लागतात. लव्हाळा, मोथा ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. प्राचीन इजिप्तमध्ये ज्याचा कागद व्हायचा तो पपायरससुद्धा नागरमोथ्याचा भाऊबंद. दोघांची प्रजाती एकच, सायपरस.

तुकोबांनी नम्रतेचा दाखला लव्हाळ्याचा दिला. पूर आला की तो वाकतो, हे खरंच. पण तो टिकतो ते जमिनीखालच्या आडव्या खोडांमुळे. त्यांची जाळी काठची माती धरून ठेवते. चिखलात हवा नसते, तिथे बहुतेक झाडांची मुळं गुदमरतात. पाणथळीतल्या लव्हाळ्यांच्या देठांत आणि मुळांत मात्र हवेच्या पोकळ्या असतात. पानांकडची हवा त्यातून खाली उतरते, थोडी चिखलातही झिरपते, आणि तिच्यावर जगणारे जिवाणू पाण्यातली घाण कुजवतात.

ठाणे खाडीला २०२२ मध्ये पाणथळ जागांसाठीचा रामसर दर्जा मिळाला, फ्लेमिंगोंचं कौतुक झालं. गोड्या पाण्याच्या तळ्यांचं असं कौतुक कमीच. ठाणे तलावांचं शहर खरं, पण मासुंदा, कचराळीसारख्या तलावांना भिंत आहे आणि भिंतीला लागून फिरायची वाट. भिंत आली की पाण्यात उतरणारा ओला उतार जातो आणि लव्हाळ्याला पाय रोवायला जागा उरत नाही. चतुराचं पिल्लू पाण्यातून देठावर चढून कात टाकतं, पाणकोंबडी याच दाटीत घरटं लपवते. दोघांचीही सोय जाते.

हा काठ सोसायटीच्या गच्चीवर, उन्हाच्या बाल्कनीत छोट्या प्रमाणात करता येतो. रोपवाटिकेत छत्रीसारख्या पानांचं 'अंब्रेला पाम' मिळतं, ते दिसतं मोथ्याच्याच घराण्यातलं आणि आहेही, पण मूळचं आफ्रिकेकडचं. आपला मोथा विकत घ्यायची गरज नाही. बेणणीच्या दिवसांत शेतकरी तो उपटून बांधावर टाकतात. विचारून, मुळाशी गड्डा असलेला मूठभर घ्या. तळ्याकाठचा मात्र उपटू नका.

बुडाला भोक नसलेला टब घ्या. त्यात खाचरातली चिकण माती भरा. कोकोपीट नको, ते तरंगतं. कोंब असलेला गड्डा दोन बोटं खोल दाबा. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवं. माती कायम चिखलासारखी ओली ठेवा, पण वर पाणी साचू देऊ नका, म्हणजे डासांना अंडी घालायला जागा राहत नाही. पावसात टब काठोकाठ भरला तर वरचं पाणी ओतून द्या. खताचे लाड नकोत. उन्हाळ्याच्या तोंडाला वाळलेले देठ बुडाशी कापा. ओल राखली तर नवे फुटतात. टब गच्च भरला की गड्डे सोडवून अर्धे काढा.

एक पथ्य मात्र कडक पाळायचं: नागरमोथा टबाबाहेर, बागेच्या वाफ्यात लावायचा नाही. त्याचे गड्डे दोऱ्यात ओवल्यासारखे एकापुढे एक असतात. वरचं रोप उपटलं की दोरा तुटतो, खालचे गड्डे राहतात आणि पुन्हा उगवतात. काढलेले गड्डे कचऱ्यातही ओले टाकू नका, उन्हात कडकडीत वाळवा.

मुरबाडचा शेतकरी आपला टब पाहून हसेल, आणि त्याचं हसणं बरोबरच आहे. त्याच्या खाचरात जे तण, ते तळ्याच्या कडेला काठ. रोप एकच, ते कुठे असावं, एवढाच प्रश्न.