ट्रॉलीचा तळ: पत्र्यावर पत्रा नको

1908 च्या इंपिरियल गॅझेटियरमध्ये तळोद्याला फार जागा दिलेली नाही, पण जी दिली आहे ती मोलाची आहे. खानदेशातली इमारती लाकडाची मुख्य बाजारपेठ हीच आणि खानदेशातल्या उत्तम लाकडी गाड्या बनतात त्याही इथेच, अशी तिथली नोंद. दोन्हींचे मूळ एकच, पाठीशी उभा सातपुडा आणि त्यातला साग. मेवासी वनविभागाचे कार्यालय आजही तळोद्यातच आहे. बैलगाड्यांची जागा मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने घेतली. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याकडे जाणारा ऊस असो, बांधकामाची रेती असो की शेणखत, सगळे ट्रॉलीतूनच जाते. पंधरा-वीस वर्षे असे ओझे वाहिलेल्या ट्रॉलीत आधी जातो तो तळ. त्यावरचा रूढ उपाय सोपा आहे: ट्रॉली वेल्डिंगच्या दुकानात न्यायची, कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा टाकायचा, कडेने वेल्ड मारायचा, वरून रंग. माझे म्हणणे असे की ही दुरुस्तीच नव्हे. जुना तळ पूर्ण काढला पाहिजे आणि नवा बसवताना तो पुढच्या वेळी सहज निघेल असा बसवला पाहिजे.

पत्रा वरून घासून झिजतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी. तळ संपतो तो बहुतेक वेळा खालून आणि सांध्यांतून. पत्रा ज्या आडव्या अँगलवर टेकतो तिथे आणि फाळक्याच्या कोपऱ्यात माती, पाचट, खताचा चुरा अडकतो आणि ओल धरून ठेवतो. त्यात पोटॅश खतातले क्लोराइड मिसळले, शेणखतातली ओल आणि क्षार मिसळले, की लोखंडाला गंज चढायला पावसाळ्याचीही गरज उरत नाही. अशा पत्र्यावर दुसरा पत्रा टाकला की दोहोंच्या मध्ये केसाएवढी फट राहते. तिच्यात पाणी शिरते, पण ऊन आणि वारा शिरत नाही. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे मधला गंज फुगून नव्या पत्र्याला वर ढकलतो आणि कडेचा वेल्ड तडकतो. नवा पत्रा जुन्याला वाचवत नाही. जुनाच नव्याला खातो. वजनाचा हिशेबही करून पाहावा. दहा फूट बाय सहा फूट तळावर 3 मिलिमीटरचा पत्रा म्हणजे सुमारे 130 किलो लोखंड. ट्रॉलीच्या नोंदणीत रिकामे वजन लिहिलेले असते, त्यात हा सव्वा क्विंटलहून जास्त बोजा कायमचा वाढतो. म्हणजे प्रत्येक खेपेला तेवढा माल कमी भरायचा, किंवा न सांगता जादा भार ओढायचा. दुसरेच घडते, हे सांगायला नको.

पण वजन आणि गंज यांहून मोठा मुद्दा असा की तळ म्हणजे नुसते आच्छादन नव्हे. अमेरिकेत एअरस्ट्रीम नावाच्या अॅल्युमिनियमच्या प्रवासी ट्रेलरांची जुनी मॉडेले हौसेने दुरुस्त केली जातात. त्यांच्यात प्लायवूडचा तळ भिंतीच्या कडेखाली शिरलेला असतो आणि बोल्ट भिंतीला, तळाला आणि खालच्या चौकटीला एकत्र धरतात. मागच्या बाजूने पाणी शिरून प्लाय कुजला की धरायला काही उरत नाही आणि ट्रेलरची मागची बाजू चौकटीपासून सुटू लागते. वर नवी फरशी अंथरून ते थांबत नाही. आपल्या ट्रॉलीची घडण वेगळी, पण तत्त्व तेच. दोन लांब चॅनेल, त्यांवर आडवे अँगल आणि या सगळ्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारा तळ. तळ सैल झाला की खड्ड्यातून जाताना चौकट पिळवटते आणि तो ताण आडव्या अँगलच्या नि हुकाच्या वेल्डवर येतो. तिथल्या चिरा कुजलेला पत्रा न काढता नीट दिसत नाहीत. हंगामात याच ट्रॉल्यांत ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे, लेकरेही बसतात. कायदा त्याला परवानगी देत नाही, पण रस्त्यावर ते रोज दिसते. तळाचे भोक मग फक्त माल सांडण्यापुरते राहत नाही.

बैलगाडी बनवणाऱ्या सुताराला ही गोष्ट पक्की ठाऊक होती. गाडीच्या साट्यात फळ्या किंवा बांबू असत. एक मोडले की तेवढेच बदलायचे. तळ झिजणारच, हे तिथे गृहीत धरलेले होते. सलग वेल्ड केलेल्या पत्र्याने तो कायमचा आहे असा भास निर्माण केला. लाकूड दुबळे, असेही कुणी म्हणू नये. दीड इंची सागाच्या फळ्यांचा तळ आणि 3 मिलिमीटर पत्र्याचा तळ यांचे वजन जवळजवळ सारखेच भरते. मात्र धाग्याच्या दिशेने ती फळी त्या पत्र्यापेक्षा वाकायला सुमारे शंभर पट ताठ असते, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणूनच पातळ पत्र्याला खाली जवळजवळ अँगल लागतात. तरी सरसकट लाकडाकडे परत जा, असे मी म्हणणार नाही. साग महाग आहे, त्याच्या वाहतुकीला वनखात्याचा परवाना लागतो, आणि रेती-खडी उपसणारे फावडे फळीच्या चिंध्या करते. हायड्रॉलिकने उलटणाऱ्या ट्रॉलीला गुळगुळीत तळच हवा, तिथे 4 मिलिमीटरचा पत्राच योग्य. सुताराकडून घ्यायचे ते लाकूड नव्हे, बदलता येण्याची सोय.

ती सोय लोखंडातही करता येते. एकच सलग पत्रा न टाकता तीन तुकडे करावेत, सांधे बरोबर आडव्या अँगलवर आणावेत आणि तुकडे वेल्ड न करता अँगलला बोल्टने बसवावेत. अँगल तारेच्या ब्रशने घासून, गरज असेल तो बदलून, रेड ऑक्साइडचे दोन हात देऊन मगच वर पत्रा ठेवावा. एकदा पत्रा बसला की तिथे ब्रश पोहोचत नाही. कोपऱ्यांत पाणी निघायला भोके ठेवावीत. धान्य गळेल अशी भीती वाटत असेल तर त्या खेपेला ताडपत्री अंथरावी. बोल्ट सैल होतात, हा आक्षेप रास्त आहे, पण नायलॉन कड्याचे नट आणि हंगामाआधी एकदा पाना फिरवणे एवढे त्याला पुरते. बोल्टचे डोके फावड्याला अडते, तर पत्र्यात खाच करून ते सपाट बसवता येते. ज्यांना बोल्ट नकोतच त्यांनी सलग वेल्डऐवजी हातहात अंतरावर छोटे टाके मारावेत, म्हणजे पुढे ते ग्राइंडरने तासाभरात कापून निघतात. मात्र टाक्यांमधल्या फटीत सीलंट भरायला विसरू नये.

खर्चाचा आक्षेप उरतो आणि तो खरा आहे. जुना तळ कापून काढायची मजुरी पडते, ट्रॉली दोन-तीन दिवस उभी राहते. कारखान्याचा हंगाम चालू असताना कुणालाच ते परवडणार नाही. तळहाताएवढे भोक असेल तर तेवढेच कापून ठिगळ लावावे आणि हंगाम काढावा, यात काही वावगे नाही. पण तळ दोन-चार ठिकाणी दबत असेल, हातोडी मारल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द वाजत असेल, तर ऊस संपल्यावर आणि पहिल्या पावसाआधी, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत ट्रॉली दुकानात न्यावी. आणि वेल्डरने नवा पत्रा मोजायला टेप काढली, तर त्याला आधी ग्राइंडर काढायला सांगावे.